दोन-अडीच हजारांत सायकलसाठी क्लीटचे पेडल आणि बूट घ्यावेत का?
एवढ्या पैशांत क्लीटच्या (बुटाच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) नादी लागू नका. पेडल कसेबसे बसतील बजेटात, बुटांचं काय? त्यापेक्षा वर छोट्या उभ्या पिना असलेले रुंद फ्लॅट पेडल घ्या, नायलॉनचेसुद्धा चालतात. पावसातही पाय सहसा घसरत नाही. (पिना नडगी मात्र सोलतात, माझ्या नडगीवर खुणा आहेत!) बूट घरात असलेलेच वापरा, फक्त तळ सपाट आणि जरा कडक हवा. पळायचे मऊ बूट पेडलवर दबतात, लांब पल्ल्याला तळवे दुखतात.

मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंची आटे असतात, तरी दुकानात जुनं पेडल घेऊनच जा. बसवताना बहुधा १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने घट्ट होतं. आधी हातानेच फिरवा; अडलं तर जोर लावू नका, क्रँकचे (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे जातात.