भिंतीला भोक न पाडता पडदा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची पत्रं भाडेकरूंची आहेत, आणि त्यांची घरं मुळात वेगळ्याच कामासाठी बांधलेली आहेत: वाड्याची माडी, आत घेतलेली गॅलरी, दुकानाचा गाळा. अशा घरात खिडकी खोलीच्या बेताची नसते आणि भिंत आपली नसते. म्हणून पडदा घ्यायला जाण्याआधी खिडकीपाशी दहा मिनिटं उभं राहा. चौकट लाकडी आहे, लोखंडी आहे की अ‍ॅल्युमिनियमची? झडपा आत उघडतात की बाहेर? बाहेर ग्रिल आहे का? पडदा कशाच्या आधारानं टिकेल हे या उत्तरांवर ठरतं.

सदाशिव पेठेत जुन्या वाड्याच्या माडीवर दोन खोल्या अकरा महिन्यांच्या करारानं घेतल्या आहेत. पहिल्याच खिळ्याला मूठभर माती खाली आली. मग चिकटवायचे हूक लावले, तर ते रंगाचा पापुद्रा घेऊन पडले. आता पडदा लावायचा कसा?

दोन्ही वेळा दोष भिंतीच्या घडणीत होता. जुन्या वाड्यांत बहुतेक भार लाकडी सांगाडा घेतो. मधलं भरण मातीचं किंवा मातीत रचलेल्या विटांचं असतं आणि वरून चुन्याचा गिलावा. खिळ्याला किंवा गिट्टीला (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकतात ती खुंटी) धरायला घट्ट असं काही मिळतच नाही. हूकचं म्हणाल, तर तो चिकटला होता चांगलाच, पण भिंतीला नव्हे, डिस्टेंपरच्या शेवटच्या थराला. वर्षानुवर्षं एकावर एक दिलेले सफेदीचे हात एकमेकांना जेमतेम धरून असतात. भिंतीवर तळहात फिरवा. हाताला पांढरं लागलं, तर त्या भिंतीवर कुठलीही चिकटपट्टी टिकणार नाही, कितीही महाग घेतली तरी.

तुमच्या हातात दोन चांगल्या गोष्टी आहेत: सागवानी चौकट आणि भिंतीची जाडी. झडपा बाहेर उघडत असतील किंवा गजांच्या पलीकडे असतील, तर चौकटीच्या दोन उभ्या बाजूंमध्ये स्प्रिंगचा टेन्शन रॉड बसवा. माप स्टीलच्या टेपनंच घ्या आणि ज्या उंचीवर रॉड येणार तिथलंच घ्या. जुनी चौकट काटकोनात राहिलेली नसते, वरच्या आणि खालच्या मापात अर्धा इंच फरक सहज निघतो. रॉड पूर्ण लांबवला की मधे वाकतो. उघडीप 95 सेंटिमीटर असेल, तर 50 ते 100 चा रॉड नको, 70 ते 120 चा घ्या. पिळून तो उघडीपीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब करा, दाबून आत बसवा आणि सोडा. पाण्याच्या लेव्हलनं किंवा टेपनं दोन्ही टोकं समान उंचीवर आहेत ना, ते बघा. एक रात्र रिकामा राहू द्या. सकाळी जागेवरून हलला नसेल, तर पडदा ओवा.

रबरी टोक ऑइल पेंटवर उन्हाळ्यात काळा वण सोडतं. त्याच्या आणि लाकडाच्या मधे दोन-तीन मिलिमीटर जाडीची कॉर्कची चकती ठेवली, की वणही पडत नाही आणि पकडही सुटत नाही. रॉड गच्च बसावा म्हणून तो फार ताणू नका. शंभर वर्षांच्या चौकटीचे सांधे ढिले असतात. जोर जास्त झाला, तर चौकट आणि गिलाव्याच्या मधे चीर उघडते, आणि तिचा हिशेब शेवटी अनामत रकमेतून होतो.

झडपा आत उघडत असतील, तर चौकटीतला रॉड त्यांच्या आड येतो. अशा वेळी लोक भिंतीच्या जाडीत, म्हणजे खिडकीच्या कोनाड्यासारख्या भागात, रॉड बसवायला जातात. तो भाग नीट बघा. बऱ्याच वाड्यांत तिथल्या बाजू खोलीकडे फाकत येतात. अशा तिरक्या बाजूंवर स्प्रिंगचा रॉड हळूहळू पुढे सरकतो आणि एके दिवशी डोक्यावर येतो. बाजू तिरक्या असतील, तर हा मार्ग सोडून द्या. वर लाकडी खुंट्या असतील, तर हलका लाकडी दांडा सुती दोरीनं दोन खुंट्यांना बांधा. त्या खुंट्या वजन लटकवण्यासाठीच ठोकलेल्या असतात. तरी आधी प्रत्येक खुंटी हातानं हलवून बघा.

वाड्याच्या खिडकीचा तळ बहुतेक बसत्या उंचीवर असतो. त्यामुळे पूर्ण पडद्याची गरज असतेच असं नाही. बारीक दांडा गजांना तीन ठिकाणी सुती दोरीनं बांधून खालच्या अर्ध्या भागाला पडदा लावा. आडोसा होतो, वरून वारा येत राहतो. आमचा कौल याच उपायाला.

ठाण्यात वन-बीएचकेची गॅलरी आत घेऊन केलेली खोली भाड्यानं घेतली आहे. पश्चिमेला आठ फुटांची अ‍ॅल्युमिनियमची स्लाइडिंग खिडकी आहे. जाड ब्लॅकआउट पडदा लावूनही दुपारी तीननंतर खोलीत बसवत नाही. शिवाय रॉड मधे वाकला आहे.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आधी उकाड्याचं. ऊन काचेतून आत आलं की काम संपलं. पडदा ते अडवतो, स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. बाहेर ग्रिल असेल, तर बांबूची चिक किंवा शेडनेट ग्रिलला आतल्या बाजूनं बांधा. शेडनेट 50, 75, 90 टक्के सावलीची मिळते. पश्चिमेला 75 ची घ्या, 90 नं दिवसा दिवे लावावे लागतात. चिक आठ फुटांची एक घेऊ नका, चार-चार फुटांच्या दोन घ्या. त्या हाताळायला सोप्या जातात आणि एक उघडी, एक बंद ठेवता येते. वरची कड दर फुटाला बांधा. केबल टाय वापरणार असाल, तर काळे, उन्हात टिकणारे घ्या. साधे पांढरे एका उन्हाळ्यात कडक होऊन तुटतात. चिक आणि काच यांच्यामध्ये चार-सहा इंच मोकळे राहू द्या, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते. खालची कड दोन ठिकाणी बांधायला विसरू नका. वळवाच्या वाऱ्यात सुटी चिक काचेवर आपटते. पाऊस सुरू होण्याआधी ती उतरवून पूर्ण वाळवून गुंडाळा, नाहीतर पुढच्या वर्षी बुरशीनं काळी पडलेली हाती येते. बऱ्याच सोसायट्यांत इमारतीच्या बाहेरून काही बांधायला मनाई असते. सेक्रेटरींना आधी विचारा, विकत घेतल्यावर नको.

आता रॉड. आठ फुटांना एक टेन्शन रॉड चालत नाही, मधे झोळ येणारच. चार-चार फुटांचे दोन हलके दांडे आणि तीन चिकट हूक, असं करा. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही, त्यामुळे चुंबकी रॉड बाद. पण त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग चिकटपट्टीला उत्तम. हूक चौकटीच्या वरच्या स्थिर पट्टीवर लावा, सरकणाऱ्या झडपेवर नाही. सगळ्यात आतल्या ट्रॅकवर बहुधा मच्छरजाळी असते, ती हूकला न अडता सरकते का, ते आधी पेन्सिलीची खूण करून तपासा. ही पट्टी अरुंद असते, तेव्हा हूकचा तळ तिच्यावर पुरा मावतो ना, तेही मोजा.

वजनाचा हिशेब असा. तयार पडदा साधारण चार बाय पाच फुटांचा, म्हणजे 1.85 चौरस मीटर. 200 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचं) कापड असेल तर एक पडदा सुमारे 370 ग्रॅम. आठ फुटांना दुप्पट कापड, म्हणजे चार पडदे, सुमारे दीड किलो. ब्लॅकआउट 280 जीएसएमचा घेतला तर दोन किलोंच्या पुढे. दांड्यांचं वजन वेगळं. दोन्ही दांड्यांचं एकेक टोक मधल्या हूकवर येतं, म्हणून एकूण भाराचा निम्मा तो एकटा घेतो. पडदा ओढताना झटकाही बसतो. तेव्हा मधल्या जागी दोन-अडीच किलो क्षमतेचा हूक हवा. पाकिटावर क्षमता लिहिलेली नसेल, तर तो घेऊ नका.

चिकटवण्याआधी जागा स्पिरिटनं पुसा, घरातल्या ओल्या फडक्यानं नको. साबणाचा थर राहिला तरी पकड जाते. वाळल्यावर हूक अर्धा मिनिट दाबून धरा आणि निदान तासभर रिकामा ठेवा. भर पावसात हे काम करत असाल, तर खोली आधी पंख्यानं वाळू द्या.

पडद्याची लांबी खालच्या ट्रॅकच्या इंचभर वर थांबवा. पावसात ट्रॅकमध्ये पाणी साचतं, आणि कापड टेकलं की ते वर चढतं. ट्रॅकची पाणी जायची भोकं खराट्याच्या काडीनं मोकळी करा, पाणी साचण्याचं कारण बहुतेक तिथंच असतं.

तुमच्या खिडकीला गैरलागू, पण इतरांसाठी: जुन्या इमारतींतल्या लोखंडी खिडक्यांना चुंबकी रॉड छान बसतो. फ्रिजवरचं चुंबक चौकटीला लावून बघा. रंगाचे थर फार असतील तर पकड कमी होते.

रस्त्यालगतच्या तळमजल्यावरचा गाळा घर म्हणून भाड्यानं घेतला आहे. काचेला आरशासारखी फिल्म लावली. दिवसा बाहेरून काही दिसत नाही, पण रात्री सगळं दिसतं. फिल्म खराब निघाली का?

नाही, ती तशीच काम करते. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूनं ती आरसा दिसते. रात्री उजेड तुमच्या खोलीत असतो, म्हणून बाहेरच्याला आरपार दिसतं. पातळ जाळीच्या पडद्याचंही हेच होतं.

रस्त्यालगत दुधी फिल्म हवी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या वरपर्यंत, म्हणजे जमिनीपासून सहा फूट. गोंद नसलेली, नुसती काचेला बिलगणारी घ्या, सोडून जाताना ती सोबत नेता येते. लिटरभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब टाका, काच भरपूर भिजवा, सेंटिमीटरभर मोठी कापलेली फिल्म टेकवा आणि मधून कडांकडे प्लास्टिकच्या पट्टीनं पाणी काढत जा. शेवटी कडेला दोन मिलिमीटर सोडून कापा. कड चौकटीला टेकली की तिथूनच ती उचलते. खरबरीत, नक्षीच्या काचेवर ही फिल्म टिकत नाही. काचेत तारेची जाळी असेल, तर गडद किंवा उष्णता शोषणारी फिल्म लावू नका. अशी काच एका बाजूनं जास्त तापून तडकू शकते.

मडगावजवळ जुन्या घराचा एक भाग भाड्यानं घेतला आहे. खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं आहेत. उजेड सुंदर येतो, पण पहाटे झोपमोड होते. त्यावर काळा कागद चिकटवला तर?

कृपा करून चिकटवू नका. तो शिंपला पातळ पदरांचा असतो, चिकटपट्टी काढताना वरचा पदर सोलून येतो आणि तावदान कायमचं मळकट होतं. हा शिंपला आज कायद्यानं संरक्षित आहे. फुटलेल्या तावदानाच्या जागी नवं मिळवणं मालकांनाही अवघड जातं. तावदानं लाकडी पट्ट्यांच्या खाचांत नुसती सरकवलेली असतात, त्यामुळे त्यांच्यावर दाबही देऊ नका. चौकटीत टेन्शन रॉड आणि गडद सुती पडदा, एवढं पुरे. तो तावदानांपासून दोन-तीन इंच लांब ठेवा. कोकणपट्टीच्या दमट हवेत लोखंडी रॉडचा गंज कापडावर उतरतो, म्हणून पावडर कोटिंगचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या.

लंडनमध्ये व्हिक्टोरियन घराचे फ्लॅट केले आहेत, त्यातल्या एकात भाड्यानं राहतो. वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी, खाली रेडिएटर. थंडीत काचेवर पाणी साचतं आणि पडद्याला बुरशी येते. घरात दोन वर्षांचं मूल आहे.

पडदा जमिनीपर्यंत असेल, तर तो रेडिएटरवर पडून उष्णता काचेकडे कोंडतो आणि खोली गार राहते. पडदा खिडकीच्या फळीपर्यंतच ठेवा, म्हणजे गरम हवा खोलीत येईल. पाणी साचतं ते खोलीतली दमट हवा गार काचेला लागून. सकाळी उठल्याबरोबर पडदा पूर्ण बाजूला करा, काच पुसा, वरची झडप दहा मिनिटं इंचभर उघडा. खोलीत कपडे वाळत घालत असाल, तर आधी ते थांबवा.

रॉड खिडकीच्या लाकडी खोबणीत, सरकत्या झडपेच्या अलीकडे बसवा. झडप पूर्ण उघडता आली पाहिजे. आगीच्या वेळी तीच वाट असू शकते. मूल लहान आहे, तेव्हा दोरीच्या फासाची रोलर किंवा पट्ट्यांची ब्लाइंड घेऊ नका. आधीच लावलेली असेल, तर दोरी भिंतीवर ताणून अडकवा आणि जमिनीपासून दीड मीटरच्या खाली येऊ देऊ नका. पाळणा खिडकीपासून दूर न्या.

अनामतीबद्दल: इंग्लंडमध्ये 2019 च्या कायद्यानं वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल, तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. आलात त्या दिवसाचे चौकटींचे तारखेसह फोटो जवळ ठेवा.

करार पुढच्या महिन्यात संपतोय. आम्ही मालकांना विचारून पडद्याच्या रॉडसाठी चार भोकं पाडली होती. आता बुजवायची कशी?

परवानगी तोंडी असेल, तर आजच एक मेसेज करून ती लेखी घ्या. आमची सगळ्यांनाच विनंती आहे की ड्रिल हातात घेण्याआधीच हे करा, आणि जमलं तर करारात एक ओळ घाला. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत लागतोच.

प्लास्टिकची गिट्टी उपटू नका, गिलाव्याचा पोपडा निघतो. तिच्यात स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि पकडीनं स्क्रूसकट सरळ बाहेर ओढा. न आल्यास ती भिंतीच्या किंचित आत ठोका. भोक ब्रशनं झाडा, पाणी शिंपडा. कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी ओढून घेते आणि पुट्टी आकसून गळते. पुट्टी दोन हातांत भरा, मधे निदान चार तास जाऊ द्या, दुसरा हात किंचित फुगीर ठेवा आणि पूर्ण वाळल्यावर 150 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. भोक लाकडात असेल तर पुट्टी नाही, लांबी (लाकडासाठीचं भरण) भरा.

ठिपक्यापुरता रंग लावला तर तो हमखास उठून दिसतो. त्या भिंतीवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक हात द्या. छटा जुळवायला स्विचबोर्डाच्या आडून रुपयाएवढा पापुद्रा काढून दुकानात न्या, आणि तिथं दिव्याखाली नाही, दारात उजेडात धरून बघा.