‘विषम ताल’ की ‘विषमपदी’?

प्रश्न असा : पाश्चात्त्य पॉप-रॉकमधल्या ५/४, ७/४ अशा ‘ऑड टाइम सिग्नेचर’ला (टाइम सिग्नेचर म्हणजे स्वरलिपीच्या सुरुवातीला लिहायचं दोन आकड्यांचं चिन्ह) मराठीत ‘विषम ताल’ म्हटलं तर चालेल का?

‘विषम’ चालेल, पण त्याला ‘पदी’ जोडा. आणि ‘ताल’ शक्यतो टाळा.

आधी ‘विषम’. ऑड म्हणजे विषम संख्या, असं धरलं की लगेच गाडी अडते. वॉल्ट्झ या नाचाचं ३/४ विषम आहे, पण त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. उलट १०/८ हा आकडा सम, तरी तो ३+२+३+२ असा मोडला की पाय अडखळतो. म्हणजे मुद्दा बेरजेचा नाही, तुकडे सारखे आहेत की नाहीत याचा आहे. आपल्याकडे याला तयार शब्द आहेत : समपदी आणि विषमपदी. दादरा ताल ३+३ मात्रांचा (मात्रा म्हणजे ठोका), म्हणून समपदी. झपताल दहा मात्रांचा असूनही २+३+२+३, म्हणून विषमपदी. नुसतं ‘विषम’ म्हटलं तर सम-विषम-अतीत-अनागत हे ग्रहांचे (गाणं तालात कुठून उचलायचं त्याचे) प्रकारही आठवतात, आणि घोळ वाढतो.

आता ‘ताल’. तालात ठेका (तबल्याचे ठरलेले बोल), टाळी-खाली, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) हे सगळं येतं. टाइम सिग्नेचर इतकं काही सांगत नाही. वरचा आकडा एका बारमध्ये (ठोक्यांच्या एका गटात) किती ठोके ते सांगतो, खालचा ठोका कुठल्या स्वरमूल्याचा, म्हणजे किती लांबीचा, ते (४ म्हणजे पाव, ८ म्हणजे अष्टमांश). तुकडे कसे पाडायचे, हे त्यात लिहिलेलंच नसतं. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट या जॅझ चमूच्या १९५९ च्या ‘टाइम आउट’ या अल्बममधलं ‘ब्लू रोंडो’ पाहा. चिन्ह ९/८, पण मुख्य धून तीन बार २+२+२+३ अशी चालते आणि चौथा बार ३+३+३. चिन्ह तेच, चाल दोन. म्हणून मी ‘तालचिन्ह’ म्हणेन. अमुक गाणं ‘सात मात्रांत आहे’ एवढं म्हटलं तरी बोलताना भागतं. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं ‘मनी’ (१९७३) सातात आहे, पण गिटारचा सोलो चारात जातो. अशा वेळी ‘गाण्याचा ताल सात मात्रांचा’ हे विधान अर्धंच खरं ठरतं.

वाचताना ‘पाच-चार’, ‘सात-चार’ म्हणा. हा अपूर्णांक नव्हे. अपूर्णांक असता तर ३/४ आणि ६/८ एकच झाले असते; प्रत्यक्षात पहिल्यात दोन-दोन अष्टमांशांचे तीन गट, दुसऱ्यात तीन-तीनचे दोन. शिवाय सवापट आणि पावणेदोनपट या आपल्याकडे लयकारी आहेत : चार मात्रांत पाच किंवा सात बसवणं. ५/४ ला कुणी ‘सवाई’ म्हटलं तर तबलजी भलतंच वाजवायला घेईल.

देशी तालाचं नाव थेट चिकटवण्यात काय बिघडतं, ते ‘टेक फाइव्ह’वर कळतं. तेही ‘टाइम आउट’मधलंच, ५/४ मध्ये, ३+२. त्यावर झपताल समेपासून धरून पाहा : धी ना | धी धी ना. तुमचा जोर पहिल्या-तिसऱ्यावर, पियानोचा पहिल्या-चौथ्यावर. दोन बारांतच भांडण सुरू होतं. मग तिसऱ्या मात्रेपासून सुरू करा : धी धी ना | ती ना | धी धी ना | धी ना. चपखल बसतं! फक्त झपतालाची सम आता बारच्या चौथ्या ठोक्यावर, तीही एक बार सोडून एक. म्हणून ‘झपतालातलं गाणं’ न म्हणता ‘पाच मात्रांचं, तीन-दोनचं’ म्हणावं.

आणि सात मोजताना ‘एक दोन तीन’ नको. उच्चारात ‘एक’ला एक अक्षर आणि ‘सात’लाही एकच, पण मधल्या ‘सहा’ला दोन, वेग वाढला की जीभ तिथेच मागे पडते. ३+२+२ असेल तर रूपक तालाचे ‘ती ती ना धी ना धी ना’ हे बोल बरे, सगळे एकाक्षरी.