सरपंचांचा दाखला आहे, पण रस्ता बांधकाम विभागाचा

प्रश्न : मी एका इंटरनेट कंपनीची फ्रँचायझी चालवतो. तालुक्याच्या गावापासून तीन खेड्यांपर्यंत रस्त्याच्या कडेने 11 किलोमीटर फायबर टाकायची आहे. तिन्ही ग्रामपंचायतींचे ना हरकत दाखले घेतले. सार्वजनिक बांधकाम विभागात माझ्या नावाने अर्ज दिला, पण चार महिने उत्तर आले नाही. मुदत उलटली की परवानगी मिळाली असेच धरतात, असे कळल्यावर काम सुरू केले. दोन किलोमीटर चर खोदून झाल्यावर अभियंत्यांनी काम बंद पाडले. आता सात दिवसांत खुलासा द्या, दुरुस्तीचा खर्च भरा, नाहीतर गुन्हा दाखल करू, अशी नोटीस आली आहे. एक ग्रामपंचायत दर खांबामागे वार्षिक भाडेही मागते. काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी, काम पुन्हा सुरू करू नका. रात्रीतून उरलेली चर मारून टाकू म्हणणारा ठेकेदार तुम्हाला भेटला असेलच. त्याचे ऐकलेत तर आज जी चूक दिसते आहे, ती उद्या हेतुपुरस्सर केलेली कृती दिसेल.

'मानीव परवानगी' ही कल्पना खरी आहे. 2016 च्या मार्गाधिकार (म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याच्या हक्काच्या) नियमांत साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाई. 1 जानेवारी 2025 पासून त्यांच्या जागी दूरसंचार अधिनियम, 2023 खालचे नवे नियम आले, आणि मुदतीचा हा धाक त्यांतही आहे. पण तो लागू होण्यासाठी अर्ज योग्य माणसाचा, योग्य ठिकाणी केलेला आणि पूर्ण असावा लागतो. तुमची गाडी पहिल्याच पायरीवर अडते.

सार्वजनिक जागेतून केबल नेण्याचा हक्क कायद्याने 'सुविधा पुरवठादारा'ला दिला आहे. म्हणजे केंद्र सरकार किंवा ज्याच्याकडे दूरसंचाराचे प्राधिकारपत्र किंवा परवाना आहे तो, तसेच त्याच्या वतीने काम करणारा कंत्राटदार किंवा एजंट. परवाना कंपनीचा आहे, तुमचा नाही. तुम्ही स्वतःच्या नावाने, कंपनीचा उल्लेखही न करता अर्ज दिला असेल, तर तो कायद्याच्या नजरेत एका सामान्य नागरिकाचा अर्ज आहे, आणि त्यावरचे मौन म्हणजे संमती नव्हे. फ्रँचायझी करारातील 'स्थानिक परवानग्यांची जबाबदारी फ्रँचायझीची' हे वाक्य तुम्ही वाचलेले असणार. त्याने खर्च आणि धावपळ तुमच्या गळ्यात पडते. हक्क मात्र तुमच्याकडे येत नाही. (तुम्ही केबल टीव्हीही चालवत असाल तर 1995 च्या केबल कायद्यातील, केबल चालकांना मार्गाधिकार देणारे कलम 4ब पुढे करण्याचा मोह होईल. ते केबल सेवेपुरते आहे, ब्रॉडबँडची चर त्याच्या आडोशाने खोदू नका.)

दुसरी अडचण ना हरकत दाखल्यांची. गावठाणातले रस्ते ग्रामपंचायतीचे, ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग बहुधा जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, आणि राष्ट्रीय महामार्ग लागलाच तर ते प्रकरण वेगळे. एकाच 11 किलोमीटरमध्ये दोन-तीन मालक निघणे मुळीच नवलाचे नाही. म्हणून अर्जाआधी रस्त्याचा क्रमांक, साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेले अंतर) आणि किलोमीटरनिहाय मालकी कागदावर मांडा. माहिती तोंडी मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. कुठे रस्त्याची हद्द संपून शेत सुरू होत असेल, तर तिथे शेतकऱ्याशी लेखी करार लागेल.

नव्या अर्जासाठी कंपनीकडून अधिकारपत्र घ्या आणि अर्ज कंपनीच्या नावाने, ठरवून दिलेल्या पोर्टलवरूनच करा. मार्गाचा नकाशा, चरीची खोली, मोऱ्या कशा ओलांडणार, डांबर फोडण्याऐवजी आडवे बोअरिंग कुठे करणार, हे सगळे त्यात असू द्या. अभियंत्याला तुमच्या फायबरचे वावडे नसते. त्याला साइडपट्टी खचण्याची, मोरी तुंबण्याची आणि पुढच्या पावसात सगळे खापर त्याच्यावर फुटण्याची भीती असते. अर्जात त्याच भीतीला उत्तर द्या. खोदकामाआधी 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी अ‍ॅपवर सूचनाही टाका. दुसऱ्याची केबल किंवा पाण्याची लाइन तोडलीत तर नवे भांडण उभे राहील.

आता नोटीस. सात दिवसांच्या आत खुलासा द्याच. मानीव परवानगीचा दावा त्यात करू नका; तो टिकणार नाही, आणि खोटा पवित्रा पुढे नडतो. अर्ज कधी दिला, कोणत्या समजुतीने काम सुरू केले, सांगताक्षणी थांबवले, एवढेच सांगा आणि पोचपावती जोडा. खर्च भरण्याची तयारी दाखवा, पण आकडा डोळे झाकून मान्य करू नका. संयुक्त पाहणी आणि मोजमाप मागा, चरीचे तारखेसह फोटो काढून ठेवा. आकडा फुगलेला वाटला तर हरकत नोंदवून रक्कम भरता येते.

गुन्ह्याची धमकी पोकळ समजू नका. सार्वजनिक मालमत्तेच्या हानीचा 1984 चा कायदा विनापरवाना खोदकामाला लावला जातो. मात्र त्यात 'आगळीक', म्हणजे नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव, सिद्ध व्हावी लागते. आधीचा अर्ज आणि काम लगेच थांबवणे इथे तुमच्या उपयोगी पडेल. पोलिसांकडून बोलावणे आले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनासाठी तुमच्या जिल्ह्यातील वकिलाला त्याच दिवशी भेटा.

खांबाच्या भाड्याबाबत तुमची बाजू बरी आहे. सार्वजनिक संस्थेला प्रशासकीय खर्च आणि भरपाई घेता येते, तीही नियमांतील कमाल मर्यादेत. ग्रामसभेच्या ठरावाने नवे भाडे जन्माला येत नाही. कोणत्या नियमाखाली, कोणत्या दराने, हे लेखी विचारा. परवानगी अडवली किंवा मागणी सोडली नाही, तर अशा वादांचा निर्णय दूरसंचार अधिनियमानुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे होतो; दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागण्यात वेळ घालवू नका. तिथेही अर्जदार कंपनीच असावी.

उघडी पडलेली चर मात्र तशीच सोडू नका. ती मुरूम टाकून, दबाई करून बुजवण्याची परवानगी खुलाशाच्या त्याच पत्रात मागा आणि पत्रावर आवक क्रमांक घ्या. त्या चरीत रात्री कोणाची दुचाकी गेली, तर आजची नोटीस किरकोळ वाटेल.