नेम्ड पाइप उघडताच प्रोग्राम थांबून का राहतो

वाळपईच्या काजू कारखान्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : लिनक्सवर चालणारे तीन प्रोग्राम तीन वजनकाट्यांचे आकडे एकाच नेम्ड पाइपमध्ये (एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याकडे नेणाऱ्या, नाव असलेल्या खास फाइलमध्ये) लिहितात आणि चौथा प्रोग्राम ते वाचून पावती छापतो, परंतु लिहिणारा प्रोग्राम सुरू होताच स्तब्ध होतो, वाचणारा कधीकधी मध्येच संपतो आणि आता कार्यालयातील संगणकालाही हेच आकडे हवे आहेत.

पहिल्या दोन्ही गोष्टी बिघाड नाहीत. १९७३ मध्ये डग मॅक्‌इलरॉय यांच्या कल्पनेवरून केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये आणलेला नाव नसलेला मूळ पाइप एकाच प्रोसेसपासून, म्हणजे चालू प्रोग्रामपासून, निघालेल्या प्रोसेसनाच वापरता येत असे. नाव मिळाल्यामुळे परस्परांशी संबंध नसलेले प्रोग्रामही तो उघडू शकतात. ते नाव आणि परवानग्या डिस्कवर असतात, मजकूर मात्र डिस्कवर कधीच जात नाही. तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्मृतीतील बफरमधून (तात्पुरत्या साठ्यातून) एका प्रोसेसकडून दुसरीकडे जातो, म्हणूनच यादीत या फाइलचा आकार नेहमी शून्य दिसतो.

दोन टर्मिनल उघडून हे प्रत्यक्ष पाहावे. ‘एमकेफिफो’ या कमांडने पाइप तयार करा आणि पहिल्या टर्मिनलमध्ये ‘कॅट’ने तो वाचायला घ्या, कमांड वाट पाहत राहील. दुसऱ्या टर्मिनलमधून ‘एको’ने एक ओळ पाइपमध्ये पाठवली की ती पहिल्यात उमटेल आणि दोन्ही कमांड संपतील. वाचणारा आणि लिहिणारा दोघेही हजर होईपर्यंत कर्नल उघडण्याची क्रिया पूर्ण होऊ देत नाही, हे झाले आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर. शेवटच्या लिहिणाऱ्याने पाइप बंद केला की वाचणाऱ्याला शून्य बाइट मिळतात, म्हणजेच मजकूर संपल्याची खूण मिळते, हे दुसरीचे. यावर उपाय म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रामने लिहिण्याचेही एक टोक स्वतःजवळ उघडे ठेवावे, म्हणजे तिन्ही काटे बंद असतानाही तो संपणार नाही.

उलट बाजूने, वाचणारा कोसळला तर लिहिणाऱ्यांना पुढच्याच ओळीला ‘सिगपाइप’ हा संकेत मिळतो आणि तो हाताळलेला नसल्यास ते प्रोग्रामही मरतात. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा हा संकेत स्वतःच दुर्लक्षित करून त्याऐवजी एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रामला पकडता येणारी त्रुटी, देते. ते पकडून पाइप पुन्हा उघडावा.

तीन काट्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतील का, ही भीती रास्त आहे. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकानुसार किमान ५१२ आणि लिनक्सवर ४०९६ बाइटपर्यंतचे एका वेळचे लेखन अखंड राहते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते, तरी कामगाराचे नाव, काट्याचा क्रमांक आणि वजन मिळून ही मर्यादा दूरच राहते. अट एवढीच की संपूर्ण ओळ, शेवटच्या नव्या-ओळीच्या चिन्हासह, एकाच राइट कॉलमध्ये (कर्नलला केलेल्या लेखनाच्या एका विनंतीत) जावी. प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीचा स्वतःचा बफर इथे घात करतो : तो भरेपर्यंत ओळी अडवून धरतो आणि भरला की ओळ मधूनच तोडून पाठवतो. म्हणून प्रत्येक ओळीनंतर फ्लश केलेच पाहिजे, म्हणजे तो बफर लगेच रिकामा केला पाहिजे.

पावतीचा कागद संपून वाचणारा थांबला, तर लिनक्सचा ६५,५३६ बाइटचा नेहमीचा बफर साधारण हजारेक छोट्या ओळी सामावून घेतो आणि त्यानंतर लिहिणारे थांबतात. पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि संगणक बंद पडला की त्या बफरमधले सर्व नाहीसे होते. वजनावर कोणाची तरी मजुरी ठरत असेल, तर प्रत्येक काट्याच्या प्रोग्रामने ओळ आधी साध्या फाइलमध्ये नोंदवावी आणि मगच पाइपमध्ये टाकावी, असा माझा आग्रह आहे. विंडोजवरील नेम्ड पाइपची माहिती वाचून इथे काही ठरवू नका. तिथला पाइप दुतर्फा चालतो, नेटवर्कवरूनही वापरता येतो आणि त्याची रचनाच वेगळी आहे.

कार्यालयातील प्रोग्रामला याच पाइपवर बसवू नये, कारण एकाने वाचलेला बाइट दुसऱ्याला मिळत नाही आणि निम्म्या पावत्या छापल्याच जाणार नाहीत. शिवाय तो संगणक वेगळा असल्याने सामायिक फोल्डरमधला पाइपही उपयोगी पडणार नाही. पावतीच्या प्रोग्रामनेच वाचलेली ओळ सॉकेटवरून (नेटवर्कवरील जोडणीवरून) तिकडे पाठवावी.