वाचक विचारतात: विटेट यांच्या काळातल्या इमारती

प्रश्न: गेटवे ऑफ इंडियावर २ डिसेंबर १९११ ही तारीख कोरली आहे. मग ही वास्तू १९२४ची असे का म्हणतात?

उत्तर: ती तारीख पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरल्याची आहे. त्या दिवशी बंदरावर फक्त तात्पुरती कमान उभी होती. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४मध्ये मंजूर झाला. पुढची काही वर्षे समुद्रात भराव घालण्यात गेली. प्रत्यक्ष काम १९२०मध्ये सुरू झाले आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी उद्घाटन झाले. पिवळसर बेसाल्ट इथलाच, जाळ्या मात्र ग्वाल्हेरहून आल्या. थेट समोर येणारा रस्ता पैशांअभावी झालाच नाही, म्हणून कमान आजही रस्त्याला तिरकी दिसते.

प्रश्न: आमच्या फोर्टमधल्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भागाला मालाडचा पिवळा दगड आहे. दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्यापासून दगडाच्या कडांचे पोपडे निघतात. दगडच कच्चा निघाला का?

उत्तर: नाही, दोष सिमेंटचा आहे. कुर्ल्याचा निळसर-करडा बेसाल्ट घट्ट असतो, त्या मानाने मालाडचा दगड पाणी जास्त पितो. (विटेट यांनी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी, हे दोन्ही दगड वापरले. तिथे त्यांतला फरक छान दिसतो.) भिंतीत मुरलेले पाणी चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद होते, मग पाणी दगडातूनच सुकते. त्यातला क्षार पृष्ठभागाखाली साचतो, फुगतो आणि वरचा थर सोलून काढतो. समुद्राजवळ तर हे फारच लवकर होते.

सिमेंट हातोडी-छिन्नीने, सांध्याच्या मधून सुरुवात करून काढा. ग्राइंडर कृपया वापरू नका, हात जरा हलला की कड कायमची जाते. दरज रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळी करून धुवा. दगड ओलसर हवा, पण त्यावर पाणी साचलेले नको. एक भाग हायड्रॉलिक (ओलाव्यातही घट्ट होणारा) चुना आणि अडीच ते तीन भाग धुतलेली, चाळलेली वाळू असा कोरडसर माल थराथराने दाबून भरा. तो दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवा, कडांवर पसरू देऊ नका. नंतर निदान आठवडाभर ओले गोणपाट लावा. उन्हात चुना भराभर सुकला तर त्याची भुकटी होते.

हे काम पावसाळा संपल्यावर काढा. आधी कोपऱ्यात मीटरभर नमुना करून घ्या आणि तो पक्का झाल्यावरच बाकीच्या भिंतीला हात लावा. सुटलेल्या कडांवर सिमेंटचे ठिगळ किंवा रंग अजिबात नको.