मिस्टर टीएत, कंपनी म्हणते "बघू"

प्रश्न : माझे मिस्टर कंपनीत फिटर आहेत आणि टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या लष्करी सेवेत (टीए), जवान. दरवर्षीचा दोन महिन्यांचा कॅम्प कसाबसा निभायचा. आता त्यांनी स्वतःहून नाव देऊन काश्मीरची ड्युटी घेतली. कंपनीतले साहेब म्हणतात, "मर्जीनं गेलेत, आल्यावर बघू." सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घराचा हप्ता चालू. मी चिडले की सगळे म्हणतात, देशासाठी गेलाय. माझं चुकतंय का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाही. मीही टीएत होतो, म्हणून सांगतो.

आधी नोकरीचं. १९४८ च्या प्रादेशिक सेना, म्हणजे टीएच्या, कायद्यात कलम ७-अ आहे. लष्करी सेवा संपली की मालकानं माणसाला कामावर परत घ्यायचं, आणि अटी आधीपेक्षा कमी करायच्या नाहीत. पीएफचा हक्कही पुढच्या कलमानं राखलाय. नाव मिस्टरांनी दिलं असलं तरी ते ड्युटीवर चढले युनिटच्या लेखी हुकमावर. त्या हुकमाची प्रत मागवा, अर्जासोबत कंपनीत द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या.

मी पहिल्यांदा गेलो तो सुपरवायझरला तोंडी सांगून. परतलो तर माझ्या लेथवर दुसराच पोरगा उभा. माझ्या हातात कागद नव्हता. पाच महिने घरी बसलो. बायकोच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, तेव्हापासून ती काचेच्या बांगड्या जास्त भरायची.

दुसरं, युनिटच्या क्लार्ककडून 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदींची ऑर्डर, निघालीय का, ते मिस्टरांना विचारायला लावा. लग्नाची, मुलांची नोंद तिच्यात नसली तर लष्कराच्या कागदावर तुम्ही नसताच, आणि पुढचं सगळं अडतं. कुठं अडलंच तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

ड्युटी संपली की तिकडचा पगार थांबतो. पेन्शन लागते ती ड्युटीवरची पंधरा वर्षं भरली तर, आणि ती अशी तुकड्यातुकड्यांनी भरायला उभा जन्म जातो. म्हणून पुन्हा नाव देण्याआधी दोघांनी बसून हिशेब करा. सासूबाईंना रात्री कूस कोण बदलून देणार, हेही त्या हिशेबात धरा.

फोन लागला की आधी हुकमाच्या प्रतीचं बोला, मग राग सांगा. सांगाच. माझ्या बायकोनं सांगितला नाही. मोकळं मनगट दिसू नये म्हणून ती बांगड्या भरते, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं.