ट्रॉली भरली होती, जायचं कुठे ते ठरलं नव्हतं

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांशी त्यांच्या अडचणींविषयी मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर बोलते, तेच माझं काम. ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरून एक प्रश्न हमखास येतो: 'ताई, वादळ येतंय, दुकानं रिकामी होतायत, लोक ट्रॉल्या भरभरून नेतायत. घाबरून खरेदी करू नये हे कळतं, पण मी नाही घेतलं आणि घरात कमी पडलं तर?' प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला 'घाबरू नका' हे उत्तर देणं मला पटत नाही. ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा घराच्या दिशेने येत असताना माणूस घाबरणारच, घाबरायलाच हवं.

फ्लोरिडातल्या टँपा शहरातल्या एका बाईची आणि तिच्या कुटुंबाची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. तिला मेघना म्हणू. घरात ती, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई.

२०२४ चा ऑक्टोबर. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन वादळ फ्लोरिडाच्या उत्तर भागात धडकलं होतं आणि जाता जाता टँपाच्या खाडीकाठच्या घरांत समुद्राचं पाणी घालून गेलं होतं. भिजलेले सोफे, गाद्या, फ्रिज अजून रस्त्याकडेला ढिगाने पडून होते. १ ऑक्टोबरला अमेरिकेच्या पूर्व आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या बंदरांतल्या कामगारांनी संप पुकारला आणि लोक टॉयलेट पेपर उचलायला धावले. खरं तर अमेरिकेत वापरला जाणारा बहुतेक टॉयलेट पेपर अमेरिकेतच तयार होतो. संप तीन दिवसांत थांबला, पण रिकाम्या फळ्यांचं चित्र डोक्यात बसलं. ३ तारखेला घटस्थापना. ५ तारखेला मेक्सिकोच्या आखातात मिल्टन नावाचं वादळ तयार झालं, आणि सोमवारी ७ तारखेला, जेमतेम एका दिवसात, ते पाचव्या, म्हणजे सगळ्यांत तीव्र श्रेणीत गेलं. वारा ताशी २८५ किलोमीटर.

त्या सोमवारी रात्री तिचा कॉल आला, माझ्याकडे मंगळवारची सकाळ. ती गॅरेजमध्ये उभी राहून बोलत होती, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"ताई, मी आज दुकानात एक फार वाईट गोष्ट केली," हे तिचं पहिलं वाक्य. पाण्याच्या बाटल्यांचा शेवटचा खोका फळीवर होता. एक म्हातारी बाई त्याच्याकडे हळूहळू येत होती. मेघनाने ते पाहिलं आणि तरी खोका उचलून ट्रॉलीत टाकला. घरी तसे चार खोके आधीच होते. ती रडत होती आणि त्याच दमात विचारत होती, की उद्या सकाळी पहाटेच दुसऱ्या दुकानात जाऊ का.

मी तिला फोन फिरवून काय काय आणलं आहे ते दाखवायला सांगितलं. पावाचे चार मोठे लोफ. टॉयलेट पेपर, संपाच्या वेळचा आणि त्यावर आजचा. बीन्सचे डबे, पण डबा फोडायचा ओपनर नाही. जाड सेलची दोन पाकिटं, आणि घरातल्या तिन्ही टॉर्चना लागतात बारीक सेल. एका कोपऱ्यात दोन बॅगा अर्धवट भरलेल्या.

"ही बॅग कशाला?"

"तो म्हणतो अटलांटाला जाऊ, त्याच्या मावसभावाकडे."

"आणि हे पाणी, पाव?"

"घरी राहिलो तर लागेल ना."

"मग तुम्ही राहणार आहात की जाणार आहात?"

ती गप्प झाली. शनिवारपासून नवरा-बायकोने हा विषय एकदाही समोरासमोर बसून काढला नव्हता. तो पेट्रोलच्या रांगेत जात होता, ती दुकानात. तिला जायचं नव्हतं, कारण घरात घट बसलेले होते, नंदादीप तेवत होता, आणि सासूबाईंना दहा-बारा तास गाडीत बसवायचं कसं हा प्रश्न होता. त्याला थांबायचं नव्हतं. दोघंही आपापल्या निर्णयाचं सामान आणून ठेवत होती, म्हणून दुप्पट सामान आलं आणि तरी पुरेसं वाटेना.

माझ्या कामात हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाउनची घोषणा झाल्या झाल्या रात्री किराण्याच्या दुकानात धावलेल्या पुण्यातल्या घरांतही हेच होतं. जो प्रश्न सोडवता येत नाही किंवा बोलायची भीती वाटते, त्याच्या जागी हात दुसरं काहीतरी करायला घेतात. खरेदी सोपी असते, लगेच दिसते, मोजता येते. किती घेतलं म्हणजे पुरे, हे मात्र निर्णय झाल्याशिवाय कळूच शकत नाही. म्हणून ट्रॉली कितीही भरली तरी जीव थाऱ्यावर येत नाही. अशा माणसाला हावरट म्हणणं अन्यायाचं आहे.

फळ्या रिकाम्या का होतात, तेही मी तिला सांगितलं. दुकान रोजच्या खपापुरता माल ठेवतं. एरवी पाऊण टाकी पेट्रोल असताना कोणी पंपावर जात नाही. वादळाच्या आदल्या दोन दिवसांत सगळेच जातात, आणि पेट्रोलचा पुरवठा चालू असूनही पंप कोरडे पडतात. फ्लोरिडात बरंचसं इंधन जहाजाने येतं, त्यातलं पुष्कळ टँपाच्याच बंदरात उतरतं, आणि वादळ जवळ आलं की बंदर बंद होतं. मिल्टन येईपर्यंत टँपा-सेंट पीटर्सबर्ग भागातले निम्म्याहून जास्त पंप कोरडे झाले होते. पोलिसांच्या गाड्या सोबत देऊन टँकर पाठवावे लागत होते. तेव्हा तिची भीती मनाचे खेळ नव्हती. टंचाई खरी होती.

मग मी एकच काम सांगितलं. आज रात्री खरेदी नाही. नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन टेबलाशी बसायचं आणि आधी हे बघायचं, की आपलं घर पाण्याच्या वाटेत आहे की फक्त वाऱ्याच्या. तिथे किनारपट्टीचे ए, बी, सी असे विभाग पाडलेले असतात आणि आदेश विभागानुसार निघतात. पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा, असं फ्लोरिडातले लोक म्हणतात, कारण समुद्राचं आत घुसणारं पाणी सगळ्यांत घातक. यांचं घर बी विभागात, आणि त्या दिवशी ए आणि बी दोन्ही रिकामे करण्याचा आदेश निघालेला. म्हणजे थांबायचं नाही हे नक्की. उरला प्रश्न कुठे जायचं हा. तिथले आपत्ती अधिकारी कळकळीने सांगत होते, की शेकडो मैल जायची गरज नाही, काही मैल आत गेलात तरी पुरे. अटलांटा सातशे किलोमीटरच्या पुढे. महामार्गावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि वाटेत पेट्रोल मिळेल याची खात्री नाही. तिची मैत्रीण शहराच्या उत्तरेला, या विभागांच्या बाहेर, नव्या बांधणीच्या घरात राहते. अर्ध्या टाकीत दहा वेळा जाऊन येता येईल इतकं अंतर.

"पण घट?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हे मला विचारू नकोस, घरातल्या मोठ्या माणसाला विचार.

इथेच या घराला वळण मिळालं. शनिवारपासून सासूबाईंना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांचा रक्तदाब वाढेल म्हणून टीव्हीचा आवाज बंद, कुजबुज चालू. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा याच बाई तळमजल्यावरचं घर सोडून नातेवाइकांकडे जाऊन राहिल्या होत्या. महामार्ग बंद, दूध नाही, पेट्रोलला रांगा, हे सगळं त्यांनी पाहिलेलं. मेघना घटाबद्दल विचारायला गेली तर त्या म्हणाल्या, "मला कधीचं कळलंय काहीतरी आहे ते. देवीला सांगून दिवा शांत करू. घट मांडीवर घेऊन बसते मी गाडीत. तिथे पुन्हा लावू." आणि लगेच विचारलं, "नळाला पाणी आहे ना अजून?"

नळाला पाणी होतं. शनिवारपासून ही मुलगी बाटल्यांसाठी चार दुकानं पालथी घालत होती आणि घरातला नळ धो धो चालू होता! वादळाआधी नळाचं पाणी स्वच्छ झाकणाच्या भांड्यांत भरून ठेवलं तर प्यायला अगदी योग्य असतं. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, असा तिथला हिशेब. चार माणसं, सात दिवस: १०६ लिटर. सासूबाईंनी कुकर, कळशी, इडलीचं मोठं पातेलं, पिठाचा रिकामा डबा असं सगळं घासून ओळीने मांडलं. मैत्रिणीकडे निरोप गेला, की तुमच्याकडची भांडी आणि टबही भरून ठेवा. टबातलं पाणी संडासासाठी. रात्री दोघींनी दशम्या केल्या, कारण तिथल्या शेगड्या विजेवर आणि वीज जाणार हे धरूनच चालायचं. उपासाला खजूर, दाणे, राजगिऱ्याचे लाडू. पावाचे लोफ हसत हसत फ्रीजरमध्ये कोंबले. भरलेला फ्रीजर न उघडता ठेवला तर साधारण दोन दिवस थंड राहतो.

दोन गोष्टी मी मात्र ठासून सांगितल्या. मैत्रिणीकडे जनरेटर होता. तो गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, लावायचा नाही, घरापासून वीस फूट लांबच. त्याच्या धुराने वादळ गेल्यावर माणसं मरतात. आणि वादळाच्या रात्री नंदादीपाऐवजी बॅटरीचा दिवा. सासूबाईंनी हे मुकाट्याने मान्य केलं.

मुलाचं काय? त्याने टीव्हीवर टँपाच्या महापौर जेन कॅस्टर यांचं बोलणं ऐकलं होतं. धोक्याच्या विभागात थांबलात तर मराल, असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. मोठ्यांना हलवायला ते बोलणं गरजेचं होतं, पण आठ वर्षांच्या पोराने ते ऐकून आईला विचारलं, आपण मरणार का? मेघनाने 'छे, काही नाही' म्हणून विषय बदलला होता. मी सांगितलं, आता सगळं ठरलंय, तेव्हा त्याला खरं सांग: त्या बाई थांबणाऱ्यांबद्दल बोलत होत्या, आपण उद्या सकाळी निघतोय. मग टीव्ही बंद कर आणि त्याला एक खरं काम दे. त्याने आजीच्या गोळ्या, सगळ्यांचे पासपोर्ट आणि चार्जर एका प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि ती पिशवी वाटभर कोणाला हात लावू दिली नाही.

मंगळवारी निघताना मेघनाने शेजारच्या वृद्ध जोडप्याचं दार वाजवलं. त्यांचा मुलगा त्यांना न्यायला येत होता. तिने पाण्याचे दोन खोके त्यांच्या गाडीत ठेवले. दुकानातली ती बाई ही नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं.

बुधवारी ९ तारखेला रात्री मिल्टन टँपाच्या दक्षिणेला सिएस्टा की इथे तिसऱ्या श्रेणीचं होऊन धडकलं. वादळ दक्षिणेला सरकल्यामुळे टँपाच्या खाडीतलं पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढलं गेलं. पलीकडे सेंट पीटर्सबर्गला १८ इंचांहून जास्त पाऊस पडला, तिथल्या बेसबॉलच्या स्टेडियमचं छप्पर फाटलं, राज्यात तीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. मेघनाच्या घरात पाणी आलं नाही. कुंपण पडलं, वीज काही दिवस नव्हती.

नंतरच्या कॉलला तिचा सूर वेगळाच. "म्हणजे आपण उगाच गेलो का? तो म्हणतोय, घरीच थांबलो असतो तरी चाललं असतं." हा प्रश्न वादळानंतर इतका येतो आणि इतका धोकादायक आहे, की मी त्यावर पुष्कळ वेळ देते. सोमवारी रात्री त्यांच्या हातात जी माहिती होती तिच्यावर घेतलेला तो निर्णय होता, आणि त्या माहितीवर तो बरोबर होता. वादळाची वाट थोडी उत्तरेला राहिली असती तर तेच पाणी बी विभागात आलं असतं. १९२१ नंतर टँपावर एवढं मोठं वादळ थेट आदळलेलं नाही, म्हणून 'आपल्याकडे येत नाही' असं म्हणायची तिथे सवय आहे. यावेळी घर कोरडं राहिलं म्हणून पुढच्या वेळी थांबायचं असं नवऱ्याने ठरवलं, तर या सगळ्याचा धडा उलटाच शिकला जाईल. म्हणून मी त्यालाही पुढच्या कॉलला बसवलं.

तो भांडला, आणि भांडला ते बरं झालं. अटलांटाचा हट्ट का, तेही निघालं: हेलीनच्या वेळी ऑफिसमधल्या एकाचं घर बुडालं होतं आणि तो माणूस ढसाढसा रडलेला त्याने पाहिला होता. हे त्याने बायकोला सांगितलंच नव्हतं. वादळांचा मोसम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो. मी त्यांना सुचवलं, की हे भांडण मे महिन्यात करा, आकाश निरभ्र असताना. बी विभागाला आदेश निघाला तर मैत्रिणीचं घर, ते जमलं नाही तर कुठली शाळा निवारा म्हणून उघडते ते, आणि कितव्या दिवशी निघायचं ते, सगळं कागदावर. सेल, ओपनर, झाकणाचे पाण्याचे डबेही तेव्हाच निवांत घ्या. त्या वेळी फळ्या भरलेल्या असतात आणि रांगेत कोणी पळत नसतं.

मे महिन्यात त्या दोघांनी तो कागद केला. सासूबाई तोवर सांगलीला परतल्या होत्या, त्यांनी फोनवरून एक ओळ त्यात घालायला लावली: म्हाताऱ्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगा.